मार्च आणि एप्रिल

"आठवडाभर पोटात थांबली असती ना, तर हिलाही मिळाले असते बघा."

मानखुर्दच्या झेरॉक्सच्या दुकानात शेजारी उभी असलेली बाई मला सांगत होती, तेही हसत. कडेवर तान्ही, खाली पदर धरून मोठी. हातातल्या प्लॅस्टिकच्या पिशवीत केशरी रेशनकार्ड, तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला, पासबुक. सगळं मुलींना टप्प्याटप्प्यानं पैसे देणाऱ्या राज्य सरकारच्या 'लेक लाडकी' योजनेसाठी, अंगणवाडीताईंकडे द्यायला.

ही योजना १ एप्रिल २०२३ पासून जन्मलेल्या मुलींसाठी. मोठी मार्चच्या शेवटच्या आठवड्यातली, म्हणून ती बाहेर. धाकटी आत. घर तेच, चूल तीच.

तारीख कुठेतरी धरावीच लागते, मान्य. पण मला खुपलं ते पुढचं गणित. जन्मानंतर ५,००० रुपये. मग थेट पहिलीत ६,०००, सहावीत ७,०००, अकरावीत ८,००० आणि अठरा पूर्ण झाल्यावर ७५,०००. बेरीज १,०१,०००. बॅनरवर आकडा झकास दिसतो!

जन्म ते पहिली, ही मधली सहा वर्षं मात्र कोरी. दूध, औषधं, अंगावर पुरणारे कपडे, सगळा खर्च नेमका तेव्हाच. अंगणवाडी आहे, पण ती दुपारी सुटते. ही बाई धुणीभांडी करून परतते अंधार पडल्यावर. तोवर मुलींना सांभाळायला शेजारीण, तिला महिन्याचे पैसे वेगळे.

अठराव्या वर्षीच्या ७५,००० पैकी थोडे दरमहा आत्ताच दिले, तर काय बिघडेल?