वजनकाट्यावरचे जास्तीचे १२० ग्रॅम

साप गाडीत ठेवण्याआधी मी त्याला काट्यावर ठेवतो. स्वयंपाकघरात असतो तो पाच किलोचा साधा डिजिटल काटा, त्यावर झाकणाचा डबा, आणि डब्याचं वजन शून्य करून घ्यायचं. मे महिन्यातल्या त्या पहाटे कोथरूडच्या एका घरात काट्यावर १५३५ आकडा आला. चार दिवसांपूर्वी याच काट्यावर, याच डब्यात हीच बॉल पायथन (अजगराच्या कुळातला आफ्रिकी साप) मादी १४१५ ग्रॅम भरली होती. पाच वर्षांचा साप चार दिवसांत १२० ग्रॅमने वाढत नाही.

खाली घर हलवायचा टेंपो भरून उभा होता. बंगळुरू, ८४० किलोमीटर. मी विचारलं, "ताई, हिला काही खायला दिलंय का?" ताई ठामपणे नाही म्हणाल्या. धाकटा भाऊ मात्र दारातच घुटमळत होता. परवा रात्री त्यानं एक उंदीर दिला होता. "एवढ्या लांबच्या प्रवासाला उपाशी कशी पाठवायची?"

हातावर दही घालून निरोप देणाऱ्या घरात हे साहजिक आहे. सापाच्या बाबतीत मात्र नेमकं उलटं. त्याचं पचन बाहेरच्या उष्णतेवर चालतं. ३१-३२ अंशांचा कोपरा मिळाला तर उंदीर चार-पाच दिवसांत जिरतो. गाडीत तो कोपरा नसतो, वर हादरे आणि भीती. मग साप खाल्लेलं बाहेर काढतो. बंद पिशवीत ते झालं की कापड ओलं होऊन तोंडाला चिकटतं आणि श्वास कोंडतो. वाचला तरी आम्लानं अन्ननलिका सोलवटते, पुढे किमान दोन आठवडे अन्न बंद ठेवावं लागतं, आणि पुन्हा सुरुवात नेहमीच्या निम्म्या आकाराच्या भक्ष्यानं करावी लागते. म्हणून मोठ्या बॉल पायथनचं शेवटचं खाणं निघण्याआधी आठ ते दहा दिवस. पाणी आदल्या रात्रीपर्यंत. तब्येतीनं बरा असेल तर हा साप काही आठवडे सहज उपाशी काढतो. एक दिवसाच्या प्रवासाची त्याला काहीच चिंता नसते. चिंता घरच्यांना असते.

टेंपो गेला, मादी राहिली. काचेची टाकी सामानात गेली होती, ते बरंच झालं. सापाला त्याच्याच टाकीत बसवून न्यायची कल्पना बऱ्याच जणांना सुचते, पण पहिल्याच गतिरोधकाला पाण्याचं भांडं उलटतं आणि लपण्यासाठी ठेवलेला दगड अंगावर सरकतो. तात्पुरती सोय म्हणून क्लिपच्या झाकणाचा ५० लिटरचा प्लास्टिकचा डबा घेतला. आत वर्तमानपत्र, पाणी, लपायला पालथी कुंडी. एका टोकाला खालून हीटिंग मॅट, तिला थर्मोस्टॅट. त्याचा सेन्सर मॅटला चिकटवलेला हवा. सुटा राहिला तर तो नुसती हवा मोजतो, मॅट तापतच राहते आणि सापाचं पोट भाजतं.

सहाव्या दिवशी काळी विष्ठा आणि युरेटचा, म्हणजे सापाच्या घट्ट लघवीचा, पांढरा खडा पडला. वजन १४५०. म्हणजे आतडं मोकळं झालं. डोळेही स्वच्छ होते. ते दुधाळ दिसले असते तर कात पडेपर्यंत आणखी थांबलो असतो. त्या दिवसांत सापाला दिसतं कमी, तो बिथरतो, आणि एसीच्या कोरड्या हवेत कात तुकड्या-तुकड्यांनी निघते.

नवव्या दिवशी पहाटे साडेचारला निघालो. पिशवी म्हणजे उशीचा सुती अभ्रा, पण उलटा करून: शिवण बाहेरच्या बाजूला. आतल्या सुट्या दोऱ्यात शेपटी गुंतली की दोरा आवळत जातो. अभ्रा कोरडाच हवा. "उन्हाळा आहे, जरा ओला करू या का?" असं विचारणारे भेटतात. नाही. साप आत सोडला, तोंडाशी पीळ दिला, पिळात शेपूट आली नाही ना हे बोटांनी चाचपलं, मग निरगाठ आणि गाठीच्या वर केबल टाय. ही पिशवी २० लिटरच्या प्लास्टिकच्या डब्यात, भोवती चुरगळलेला कागद, म्हणजे वळणांवर ती घरंगळत नाही. डब्याला समोरासमोरच्या दोन बाजूंना पेन्सिलच्या जाडीची सहा-सहा भोकं. ती आतून बाहेर पाडायची, म्हणजे धारदार कडा बाहेर राहते. हा डबा थर्माकोलच्या खोक्यात, आणि खोक्याची भोकं डब्याच्या भोकांसमोरच. ही जुळवाजुळव राहून गेली तर भोकं नुसती शोभेची.

तारेवरच्या सेन्सरचा थर्मामीटर: सेन्सर डब्यात, आकडे बाहेर. त्यामुळे झाकण उघडायचं कारणच उरत नाही. खोकं मागच्या सीटवर, पट्टा लावून, सावलीच्या बाजूला. डिकीत नाही आणि एसीच्या थेट झोतातही नाही. मला डब्यात २५ ते २८ अंश हवे असतात. ३२ च्या वर गेलं की मी काहीतरी करतो. ३५ च्या पुढे जीवाशी खेळ.

कागद पुढच्या सीटवर, हाताशी. भारतात सापडणारा कुठलाही साप घरात पाळता येत नाही. अजगर तर वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीतला. बॉल पायथन आफ्रिकेतला आहे, साइट्स या वन्यजीव-व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात येतो, आणि वन्यजीव कायद्यातल्या २०२२ च्या दुरुस्तीनंतर अशा प्राण्याची नोंद केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर करावी लागते. नाक्यावरच्या हवालदाराला अजगर आणि बॉल पायथन यांतला फरक माहीत असायचं कारण नाही. नोंदणीची प्रत आणि सापाचा फोटो दाखवला की बोलणं लवकर आटोपतं. कोगनोळीला, कर्नाटकच्या सीमेवरच्या नाक्यावर, कुणी विचारलंसुद्धा नाही.

हुबळीच्या पुढे जेवायला थांबलो. मी हात धुऊन येईपर्यंत भाऊ इंजिन बंद करून खाली उतरला होता, गाडी भर उन्हात. दहा मिनिटं झाली असतील. डब्यातला आकडा २६.८ वरून २९.५ वर गेला होता, आणि गाडीतली हवा हाताला भाजत होती. थर्माकोल गार करत नाही, फक्त उष्णता उशिरा आत येऊ देतो. आणखी अर्धा तास गेला असता तर तोही कामाचा नव्हता. एसी लावला आणि गोठवलेली पाण्याची बाटली दोन टॉवेलांत गुंडाळून थर्माकोलच्या बाहेरून टेकवली. बाटली आत ठेवायची नसते: एका बाजूनं अंग गारठतं आणि पाणी सुटून पिशवी भिजते. त्यानंतर आम्ही आळीपाळीनं जेवलो. एक जण गाडीत, इंजिन चालू.

रात्री आठला पोचलो. नवी टाकी ताईंनी दोन दिवस आधीच लावून ठेवली होती: गरम बाजू ३२, थंड बाजू २६, दोन्हीकडे लपायची जागा. गाठ सोडली आणि पिशवी तशीच आत ठेवली, ओढून बाहेर काढली नाही. वीस मिनिटांनी डोकं दिसलं. काट्यावर १४४२.

भावाला मी आठवडाभर हात लावायला मनाई केली आणि खाण्याची तारीख कॅलेंडरवर ताईंकडून लिहून घेतली. आठव्या दिवशी तिनं उंदराकडे पाहिलंही नाही. भावाचा घाबरून फोन आला. वजन किती, विचारलं. १४३०. मग काही करू नका म्हटलं. मूळ वजनाच्या दहा टक्क्यांहून जास्त घटलं तरच डॉक्टर. एकविसाव्या दिवशी तिनं खाल्लं, मुद्दाम लहान दिलेला, साठ ग्रॅमचा उंदीर.