क्योटोचा रुंद माग आणि सोलापूरचे घर

नव्या घराच्या सजावटीत जपानी हस्तकलेचा स्पर्श हवा, असे म्हणणारे लोक आता सोलापुरातही भेटतात आणि बहुतेकांच्या मनात कागदी दिवा, बांबूचा पडदा किंवा फिकट लाकडाचे बुटके टेबल असते. या वस्तू सुंदर आहेत, याविषयी वाद नाही. मात्र ज्या गावाच्या पूर्व भागात आजही गल्लोगल्ली यंत्रमागांचा खडखडाट ऐकू येतो, त्या गावाने जपानकडे पाहताना सर्वांत आधी क्योटोच्या निशिजिन या विणकर वस्तीकडे पाहावे, असे मला मनापासून वाटते.

जपानची राजधानी क्योटोहून टोकियोला गेली, तसे निशिजिनच्या भरजरी कापडाचे आश्रयदाते विखुरले. तेव्हा १८७२ मध्ये क्योटोने आपले विणकर फ्रान्समधील लियों शहरी धाडले आणि जकार्डचे तंत्र, म्हणजे भोके पाडलेल्या कार्डांच्या मदतीने मागावर नक्षी विणण्याची रीत, आपल्याकडे आणले. सोलापुरी चादरीवरची नक्षी ज्या तंत्राने उमटते, तेच हे तंत्र. पुढे किमोनोचा रोजचा वापर घटला आणि त्यावर बांधायच्या ओबी या कमरपट्ट्याची मागणीही ओसरली. या ओबीचे कापड जेमतेम ३२ सेंटिमीटर रुंद असते, म्हणजे त्याने ना भिंत झाकता येते, ना सोफा मढवता येतो. १६८८ पासून विणकामात असलेल्या होसोओ या घराण्याने यावर नेमका उपाय केला. त्यांनी २०१० च्या सुमारास १५० सेंटिमीटर रुंदीचे कापड विणणारा माग घडवला. सोन्याचा वर्ख दिलेल्या कागदाच्या बारीक पट्ट्या विणण्याची जुनी रीत तशीच राहिली, बदलली ती रुंदी, आणि हे कापड भिंतींवर व आसनांवर चढले.

आपली चादर पलंगाच्या मापाने विणली जाते. तिला भौगोलिक मानांकन आहे, तिचे सुती सूत टिकाऊ आहे, पण आजच्या फ्लॅटमधील खिडकी, दार आणि दोन खोल्यांमधला आडोसा यांच्या मापाने तिचा विचार क्वचितच होतो. जपानी दुकानांच्या आणि घरांच्या दारावर नोरेन नावाचा पडदा असतो: अरुंद कापडाच्या दोन-तीन पट्ट्या वर एकत्र शिवलेल्या आणि खाली मोकळ्या, म्हणजे माणूस सहज आत येतो, वारा खेळतो आणि तरीही आतले सगळे दिसत नाही. स्वयंपाकघर आणि दिवाणखाना यांच्यामध्ये असा पडदा सोलापुरी जकार्डमध्ये, गडद निळ्या व कोऱ्या पांढऱ्या सुतात विणून घेतला, तर तो आपल्या घरात परका वाटणार नाही.

शोजी या सरकत्या कागदी दारांबाबत मी थोडा सावध आहे. त्यांचा पारंपरिक वाशी कागद कोझो झाडाच्या लांब तंतूंपासून हाताने बनतो आणि त्यातून येणारा उजेड फार मऊ असतो. या कागदनिर्मितीला २०१४ मध्ये युनेस्कोच्या यादीत स्थान मिळाले. पण जपानी घरांतही हा कागद वेळोवेळी बदलावा लागतो, आणि आपल्याकडची धूळ त्याच्यावरून पुसून काढता येईल असा तो नाहीच. त्याच जाळीदार सागवानी चौकटीला धुता येईल असे पातळ मांजरपाट लावले, तर चाळिशी ओलांडणाऱ्या उन्हाची तिरीप तेवढीच मवाळ होते. चौकट मात्र खिळ्यांशिवाय, खाचेत खाच बसवून करणाऱ्या सुताराकडूनच करून घ्यावी.

खरी अडचण ऑर्डरची आहे. एका घराच्या चार पडद्यांसाठी यंत्रमागधारक नवे बीम, म्हणजे ताण्याच्या सुताचा रूळ, भरणार नाही आणि नव्या नक्षीची कार्डेही पाडणार नाही. त्याला ते परवडत नाही आणि तशी अपेक्षा ठेवणे अन्यायाचे आहे. म्हणून शहरातील वास्तुविशारद आणि अंतर्गत सजावट करणाऱ्यांनी आपापल्या कामांची गरज एकत्र करून, दोन किंवा तीन नक्षी आणि एक ठरावीक रुंदी निश्चित करून, एकाच कारखान्याला पुरेसे काम द्यावे. कापडाचा नमुना हाती आला की शिवणाऱ्यांशी आणि सुतारांशी मापे ठरवता येतील.