कोबीचा गड्डा कुणीच आणला नाही

आईला ताप आला तेव्हा भेटायला येणाऱ्यांनी मिळून तेवीस सफरचंदं आणली. कोबीचा गड्डा एकानेही नाही! गंमत म्हणून मी आकडे काढले. १०० ग्रॅम सफरचंदात 'क' जीवनसत्त्व जेमतेम ५ मिलिग्रॅम, कच्च्या कोबीत ३५च्या आसपास. तंतू जवळपास सारखेच, साखर मात्र सफरचंदात तिप्पट. अर्थात आमच्याकडे कोबी चण्याची डाळ घालून पार गाळ होईपर्यंत शिजतो, त्यात 'क' कितीसं उरणार? म्हणून परवा तो बारीक चिरला, लिंबू पिळलं, वर हिंग-मोहरीची चुरचुरीत फोडणी ओतून पचडी केली. आईने दोन घास खाल्ले. "बरी आहे गं. पण आधी सफरचंद सोलून दे." निम्मे तंतू सालीतच असतात, हे मी गिळलं.