तुम्ही विचारलंत म्हणून: सोलरवाल्याला एमबीए काहून पाहिजे

गेल्या दिवाळीपासून हा प्रश्न मला किती जणांनी विचारला ते मोजत बसलो असतो तर जीमॅटचं, म्हणजे एमबीएच्या प्रवेशपरीक्षेचं, गणित आपोआप सुधारलं असतं. तर्री पोह्याच्या ठेल्यावर, आतेभावाच्या साखरपुड्यात, एकदा तर दाढी करताना न्हाव्यानं. "सोलरचं चांगलं चालून राहिलं ना तुझं, मग एमबीए काहून?" मग त्यातलेच पोटप्रश्न. बत्तिसाव्या वर्षी? एवढ्या पैशात इथं नागपुरात बेस्याला प्लॉट नाही का येत? आणि करायचंच तर आपल्या मिहानमध्ये आयआयएम आहे ना, बाहेर कशाला?

शेवटच्याचं उत्तर सोपं आहे, दोन वर्षं बिनपगारी बसणं मला झेपत नाही म्हणून मी एक वर्षाच्या कोर्सला अर्ज केला. बाकीच्यांना आजवर "करिअर ग्रोथ" असं काहीतरी बोलून पोहे खात राहिलो. ते अगदीच खोटं नव्हतं, पण खरंही नव्हतं.

आधी एक गैरसमज. "नागपूरचं ऊन म्हणजे सोलरला सोनं" हे जो तो मला ऐकवतो. अहो, पॅनलला उजेड पाहिजे, ताप नाही. त्याची कॅपॅसिटी २५ डिग्रीला मोजलेली असते, त्याच्यावर प्रत्येक डिग्रीला साधारण ०.३ ते ०.४ टक्के पॉवर पडते. मे महिन्यात टिनाच्या शेडवर पॅनल ६५ च्या वर तापतं, करा हिशोब. हे मी कस्टमरला तोंडपाठ सांगतो. इंजिनिअरिंगचा भाग मला येतो, त्याबद्दल माझी काही तक्रार नाही.

जे येत नव्हतं ते असं. कोराडीच्या वीजकेंद्राच्या चिमण्या आपण लहानपणापासून बघतो. तिथं रोज कोळसा जाळावा लागतो, म्हणजे रोज पैसा जळतो. सोलरचं उलटं आहे. सगळा खर्च पहिल्याच दिवशी होऊन जातो, नंतर इंधन फुकट, मग रोज जळतं काय? व्याज. २०१७ मध्ये राजस्थानात भडल्याला सोलरची वीज युनिटमागे २ रुपये ४४ पैशांना विकायची बोली लागली, २०२० च्या डिसेंबरात गुजरातच्या लिलावात १ रुपया ९९ पैसे. पॅनल स्वस्त झाले हे खरं, पण तेवढंच नाही, त्या बोलीवाल्या कंपन्यांना पैसाही स्वस्त आणि लांब मुदतीचा मिळतो. सूर्य सगळ्यांना सारखाच, पैसा नाही. हे वाक्य मी अर्जाच्या निबंधातही टाकलं होतं आणि नंतर काढलं, फार भाषणासारखं वाटून राहिलं होतं. इथं राहू द्या.

आता मुद्द्याचं. काकांचं.

काका म्हणजे माझ्या मित्राचे वडील, कळमन्याकडे त्यांची दालमिल. २०२२ च्या फेब्रुवारीत मी त्यांच्या मागे लागलो, अक्षरशः मागे लागलो, कारण एप्रिलपासून बाहेरून येणाऱ्या मॉड्यूलवर ४० टक्के कस्टम ड्यूटी लागणार होती आणि आम्ही सगळेच "मार्चच्या आत बुक करा" हेच गाणं गात होतो. १०० किलोवॅटचा प्लांट, ४५ लाख, त्यातले ३२ लाख लोन, पाच वर्षं, साडेनऊ टक्के, हप्ता ६७ हजारांच्या आसपास. माझ्या एक्सेल शीटमध्ये वर्षाला साडेबारा लाखांचं बिल वाचत होतं. म्हणजे हप्ता जाऊन वर चार लाख सुटतात. मी लॅपटॉप फिरवून दाखवला, काकांनी चष्मा लावून बघितलं आणि म्हणाले, तू म्हणतोस तर करू. मी काय म्हणतो त्यावर त्यांनी सही केली, शीटवर नाही, हे मला तेव्हा कळलंच नाही.

जूनमध्ये प्लांट उभा झाला. जुलैपासून हप्ता सुरू. नेट मीटर, म्हणजे जास्तीची वीज मोजून बिलात वळती करणारं मीटर, मात्र नाही, आणि त्याची मंजुरी आल्याशिवाय प्लांट चालू करता येत नाही. वीज कंपनीत फाईल अडकली. आधी ट्रान्सफॉर्मरच्या कॅपॅसिटीवरून, मग टेस्टिंगवरून, आणि मधले दीड महिने, हे मी आजवर फार कमी जणांना सांगितलं, माझ्याच एका चुकीच्या कागदावरून. सिंगल लाईन डायग्रामवर, म्हणजे प्लांटच्या जोडणीच्या नकाशावर, इन्व्हर्टरचं मॉडेल जुनं राहून गेलं होतं. मीटर लागलं जानेवारीत. सहा हप्ते, म्हणजे चार लाखांच्या वर, काकांनी वीजबिल भरून वरून भरले. त्यात रिझर्व्ह बँकेचा रेपो रेट मेपासून चढायला लागला, ४ टक्क्यांवरून पुढच्या फेब्रुवारीपर्यंत साडेसहा. लोन फ्लोटिंग होतं, म्हणजे रेपो चढला की त्याचं व्याजही चढणार. माझ्या शीटमध्ये व्याजाच्या रकान्यात पाचही वर्षं ९.५, ९.५, ९.५, खाली ओढून कॉपी केलेलं.

तरी चार लाख काही मिल बुडवत नाहीत, असं मी स्वतःला सांगत होतो. जानेवारीच्या शेवटी काकांना भेटायला गेलो, प्लांट सुरू झाला म्हणून पेढे घेऊन. हो, पेढे. ऑफिसात तुरीचा वास, खाली मशीनची घरघर, मी मोबाईलवर त्या दिवसाचे युनिट दाखवून राहिलो आणि म्हणालो की काका, वर्षाचं ॲव्हरेज काढलं तर अजूनही फायद्यातच आहे.

काका म्हणाले, "तू मले सांग, तूर कधी येते?"

म्हटलं, आता.

"आता. बाराही महिने येते का? मग तुझ्या ॲव्हरेजचं मी काय करू?"

हप्ते सीसी लिमिटमधून, म्हणजे माल घ्यायला बँकेनं ठरवून दिलेल्या उचलीतून, गेले होते. नवी तूर बाजारात आली, कच्चा माल भरून ठेवायचा हाच वेळ, आणि लिमिट भरलेली. आवाज चढवला नाही त्यांनी, पेढाही खाल्ला. त्या वर्षी तूर पुढे चढतच गेली, इतकी की जूनमध्ये सरकारला स्टॉक लिमिट लावावी लागली. काकांनी किती गमावलं ते मी विचारलं नाही. माझा मित्र चार महिने माझ्याशी बोलला नाही.

मोरॅटोरियम, म्हणजे हप्त्याला काही काळ सुट्टी. हा शब्द मला माहीत होता, करोनात सगळ्या देशाला माहीत झाला होता. पण प्लांट सुरू होईपर्यंत हप्ता नको असं बँकेकडे मागता येतं, हप्ते तुरीच्या सीझनप्रमाणे लहानमोठे बांधून मागता येतात, हे मला माहीत नव्हतं. म्हणजे जगात कोणाला माहीत नव्हतं असं नाही, मला नव्हतं, आणि सल्ला मी देऊन राहिलो होतो.

म्हणून एमबीए. रिन्यूएबलच्या फायनान्समध्ये जायचं, लहान मिलवाल्यांचं लोन त्यांच्या धंद्यासारखं बांधायचं. ऐकायला बरं वाटतं ना? मलाही वाटत होतं. मग निबंध लिहायला बसलो. एका कन्सल्टंटनं सांगितलं की यात अपयश फार आहे, लीडरशिप दिसत नाही, शेवट गोड करा. आणि मी केला. पहिल्या ड्राफ्टमध्ये मी बँकेशी बोलून काकांना वाचवलं होतं! दोन दिवसांनी तो काढला, खरं तेच लिहिलं, पण तेही शेवटी काकांचं नुकसान मी ॲडमिशनसाठी वापरलंच ना? वापरलं. अजून बोचतं.

इंटरव्ह्यूत एका मॅडमनी विचारलं, आज तेच लोन असेल तर काय कराल? मी धडाधड बोललो, मोरॅटोरियम, सीझनल हप्ते, व्याज दोन टक्के चढलं तर काय त्याची वेगळी शीट. त्या शांतपणे म्हणाल्या, "हे तुम्हाला येतंच आहे, मग इथं कशाला?" म्हणजे तुमचाच प्रश्न, फक्त इंग्रजीत. मी काहीतरी नेटवर्कबद्दल बोललो. वेटलिस्टवर आहे.

जीमॅट दोनदा दिली, ६१५ आणि ६५५. आईला वाटतं तिसऱ्यांदा देऊ नये. मला काय वाटतं ते दिवसाप्रमाणे बदलतं. एखाद्या बँकेच्या क्रेडिटवाल्याकडे दोन वर्षं बसलो असतो तर हे फुकट शिकलो असतो असंही वाटतं, पण मला तिथं बसवणार कोण, सिव्हिल लाईन्समधल्या दोन ठिकाणी विचारून पाहिलं, म्हणाले तुमचं बॅकग्राउंड टेक्निकल आहे.

मधल्या काळात एज्युकेशन लोनचे कागद वाचून ठेवले. काकांच्या लोनपेक्षा माझं मोठं होईल. कोर्सचं वर्ष आणि त्यानंतर अजून एक वर्ष हप्ता नाही. मी मागितलं नव्हतं, छापलेलंच होतं.

परवा काकांचा फोन आला, इन्व्हर्टर एरर दाखवून राहिला म्हणून. गेलो. पॅनलवर डाळीची धूळ बसली होती, तीही धुवून घेतली. चहा आला. काका म्हणाले, "ऐकलं का तू एमबीए करून राहिला. काहून रे?"

म्हटलं, असंच.