नंदीध्वज आणि सात सेंटिमीटर

संक्रांत आली की सोलापुरात माना वर होतात. सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत सात नंदीध्वज, म्हणजे सजवलेल्या उंच काठ्या, ६८ लिंगांच्या प्रदक्षिणेला निघतात आणि रस्त्याच्या कडेचा जो तो शेंड्याकडे बघत राहतो. बाराबंदी हा पारंपरिक पोशाख घालून काठी पेलणाऱ्याचं लक्षही तिथेच. भाविक बघतात ती श्रद्धा. पेलणारा बघतो त्यात थोडं गणितही आहे.

हिशेबापुरती काठी ८ मीटरची धरू, वजन ४० किलो, गुरुत्वमध्य मधोमध. ती सरळ उभी आहे तोवर सगळा भार कमरेशी टेकलेल्या बुंध्यावर उतरतो, हाताला जवळजवळ काम नाही. एक अंश कलली की गुरुत्वमध्य ७ सेंटिमीटर बाहेर सरकतो. वजन गुणिले हे आडवं अंतर म्हणजे आघूर्ण, काठीला फिरवून पाडू पाहणारा जोर: २८० किलो-सेंटिमीटर. पकड बुंध्याच्या ६० सेंटिमीटर वर असेल, तर हाताला पावणेपाच किलोंची ओढ. हे कुणीही सोसेल. पाच अंशांना मात्र तीच ओढ २३ किलो होते आणि दहा अंशांना ४६. तेही गर्दीत, हलगीच्या तालावर चालताना! तेव्हा दंड किती जाड आहे याला फारसं महत्त्व नाही. काठी एक अंशावर असतानाच जो सावरतो, तो खरा पेलणारा.

एक अंश ओळखायचा कसा? हाताजवळ तो जेमतेम सेंटिमीटरभर दिसतो, शेंड्याला १४ सेंटिमीटर. नजर वर असते ती याचसाठी.

काठी उजवीकडे कलली की नवखा तिला डावीकडे खेचायला जातो आणि दमतो. जाणता बुंधाच उजवीकडे नेतो, कललेल्या बाजूला अर्धं पाऊल टाकून. टेकू गुरुत्वमध्याखाली गेला की ते आडवं अंतरच उरत नाही. किंचित पुढे गेला की काठी आपण होऊन माघारी फिरते. निघतानाही आधी पाऊल टाकलं तर शेंडा मागे राहतो. म्हणून काठी आधी जराशी पुढे झुकू द्यायची आणि मग पाय उचलायचा. थांबताना याच्या उलट.

उंची ही अडचण वाटते, पण ती मदतच करते. तळहातावर मीटरभराचा दांडा उभा करून पाहा. आठ मीटरची काठी त्याच्यापेक्षा पावणेतीन पट सावकाश कलते, कारण पडायला लागणारा वेळ लांबीच्या वर्गमुळाप्रमाणे वाढतो.

खरी गंमत होमाच्या दिवशी शेंड्याला नागफणी, म्हणजे नागाच्या फण्याची प्रतिकृती, बांधली जाते तेव्हा. तिथे ५ किलो चढले असं धरलं, तर एकूण वजन साडेबारा टक्क्यांनी वाढतं, पण तेवढ्याच कलात आघूर्ण २५ टक्क्यांनी. उलट काठीचं जडत्व, म्हणजे फिरण्याला होणारा विरोध, ३७ टक्क्यांच्या आसपास वाढतं. म्हणजे ती कलायला आणखी वेळ घेते. कलली की मात्र आवरायला जड.

वाऱ्याचं गणित वेगळंच. ७ मीटरवर दोन किलोंचा रेटा म्हणजे पाच अंशांच्या कलाइतकं आघूर्ण. मुरलेला माणूस काठी वाऱ्याच्या अंगावर तेवढीच झुकवतो आणि दोन्ही आघूर्णं फिटतात. घोटाळा होतो तो झुळूक अचानक थांबली की: रेटा गेला, पाच अंशांचा कल तसाच, आणि २३ किलोंची ओढ एकदम हातावर.