टिटवीची चार अंडी

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी काहीतरी लिहा, असा शाळेचा निरोप आला आणि स्नेहसंमेलनं, सहली यांच्याआधी आठवले ते आमचे विज्ञानाचे सर.

मैदानाच्या कडेला टिटवीचं घरटं होतं. घरटं कसलं, मुरमात जरासा खळगा आणि भोवती खडे. आत चार मातकट अंडी, काळे डाग, चारही निमुळती टोकं आतल्या बाजूला. टिटवी डोक्यावर ओरडत घिरट्या घालत होती, म्हणून सरांनी एकेकाला लांबूनच बघू दिलं आणि लगेच मागं बोलावलं. वर्गात आल्यावर त्यांचा प्रश्न: टिटवीचं अंडं असं, मग घुबडाचं चेंडूसारखं गोल का?

कुणी म्हणालं, टोकं आत केली की चारही अंडी पोटाखाली मावतात. सर म्हणाले, 'बरोबर असेल, पण घुबडाचं सांगितलं नाहीस.' त्यांनी उत्तर दिलंच नाही. कोंबडीचं अंडं व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवलं. दोन दिवसांनी कवच विरघळलं होतं. हातात उरलं ते मऊ, अर्धपारदर्शक, थोडं फुगलेलं अंडं, पण आकार तोच! म्हणजे आकार कवचाचा नसतो. आतलं पातळ पटल आधी तयार होतं, आकार तिथंच ठरतो आणि त्यावर चुन्याचं कवच चढायला कोंबडीला वीसेक तास लागतात.

सरांच्या प्रश्नावर मोठं काम झालं ते 2017 मध्ये. पक्ष्यांच्या अभ्यासक मेरी कॅसवेल स्टॉडर्ड, आपले भारतीय वंशाचे गणितज्ञ एल. महादेवन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुमारे 1,400 जातींच्या 49,175 अंड्यांची मापं तपासली. घरटं कड्यावर की झाडावर, अंडी किती, याचा म्हणावा तसा मेळ बसला नाही. बसला तो उडण्याशी. जे पक्षी उत्तम उडतात, त्यांची अंडी साधारणपणे जास्त लांबट किंवा निमुळती. उडण्यासाठी अंग सडपातळ लागतं; अशा अंगात रुंद अंडं मावत नाही, लांबट मावतं आणि पिलाला जागाही कमी पडत नाही, असा त्यांचा तर्क. मला तो फार पटला.

मी सरांना फोनवर हे सगळं उत्साहानं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, 'मग पेंग्विन? ते कुठं उडतात?' अंडी त्यांचीही निमुळती. पोहण्यासाठीही अंग निमुळतंच लागतं, असं संशोधक म्हणतात. तेवढ्यानं सरांचं समाधान झालं नाही. उत्तरेकडच्या समुद्रकड्यांवर उघड्या खडकावर अंडी घालणाऱ्या गिलेमॉट या समुद्रपक्ष्याचं अंडं तर पेर या फळासारखं, एका टोकाला फार निमुळतं असतं. पक्षीशास्त्रज्ञ टिम बर्कहेड यांनी दाखवलं, की तसं अंडं उतारावर जास्त स्थिर राहतं. म्हणजे एकच कारण सगळ्यांना पुरत नाही. सरांना हे कळलं तेव्हा ते खूश झाले.

शाळेतल्या आताच्या मुलांसाठी: एक अंडं आणि बुडेल इतकं व्हिनेगर पुरतं. दुसऱ्या दिवशी व्हिनेगर बदला. आणि टिटवीचं घरटं दिसलं, तर लांबूनच बघा.