घेवड्याची पेढी : आमची वाटचाल

सातारा जिल्ह्यातल्या कोरेगाव तालुक्यात आमचं कडधान्य साफ करून पॅक करण्याचं छोटं युनिट आहे. मुख्य माल घेवडा, म्हणजे आपल्याकडचा राजमा. जोडीला चवळी, मटकी आणि थोडा पावटा. नवीन गिऱ्हाईक पहिला प्रश्न विचारतं तो भावाचा, आणि दुसरा, "दुकानात याहून स्वस्त राजमा मिळतो, मग तुमचा का घ्यायचा?" त्याचं उत्तर द्यायला फोनवर वेळ पुरत नाही, म्हणून इथे लिहिते.

मूळ धंदा सासऱ्यांचा, अडतीचा, म्हणजे शेतकऱ्याचा माल दलालीवर विकून देण्याचा. अण्णांचं दुकान मार्केट यार्डात. आमच्या उत्तर कोरेगावात, म्हणजे वाठार स्टेशन, पिंपोडे, देऊर या पट्ट्यात, मृगाच्या पावसावर घेवडा पेरायचा, सप्टेंबरात काढायचा आणि त्याच रानात रब्बीची ज्वारी घ्यायची, असा जुना बेत. घेवडा निघाला की टेम्पो भरून पोती यायची. हमाल उतरवून घ्यायचे, लिलाव व्हायचा, मापाड्याचा काटा झाला की संध्याकाळी शेतकऱ्याच्या हातात हिशोबपट्टी. गावात घेवड्याची आमटी व्हायची ती पावशेर-अर्ध्या किलोची. बाकीचा सगळा माल ट्रकने उत्तरेला जायचा आणि तिकडे राजमा म्हणून विकला जायचा.

त्यामुळे आमच्या यार्डातला भाव आमच्या यार्डात ठरतच नव्हता, आजही ठरत नाही. सकाळी दिल्लीच्या नया बाजारातून दलालाचा फोन येतो: चित्रा काय भावाने उघडला. चित्रा म्हणजे ठिपक्यांचा फिका राजमा. तो मुख्यतः चीनमधून कंटेनरने न्हावा शेवा नाहीतर मुंद्रा बंदरात उतरतो. लाल राजमा इथिओपियाचाही येतो, चवळी मादागास्कर आणि म्यानमारची. कडधान्य पिकवण्यात, खाण्यात आणि आयात करण्यातही आपला देश जगात पहिला आहे, पण त्यातली सगळी चर्चा तूर, हरभरा, उडीद, मूग, मसूर या पाचांची. हमीभाव आहे तो याच पाचांना. राजम्याला हमीभाव नाही, त्यामुळे सरकारी खरेदी केंद्राच्या दारात पोतं नेऊन टाकायची सोय नाही. वायदे बाजारात त्याचा सौदा होत नाही, म्हणजे पुढच्या दोन महिन्यांचा अंदाज सांगणारा फलकही नाही. राहतो तो फोन. मालाची नड असेल तर दलाल गोड बोलतो, आवक वाढली की "अण्णा, पार्टी हात आखडता घेतेय" म्हणतो. आमच्या मालाला एकच फायदा: तो लवकर निघतो. चीनचा नवा माल बंदरात लागून उत्तरेत पसरेपर्यंत आमचा बराचसा घेवडा विकून झालेला असतो. पण ही संधी दीड-दोन महिन्यांची, आणि नेमका त्याच काळात परतीचा पाऊस.

परतीच्या पावसात घेवड्याचं काय होतं ते बघितल्याशिवाय कळत नाही. झाडं उपटून रानात वाळत घातलेली असतात. दोन दिवस झड लागली की शेंग आतून घामेजते, दाण्याच्या डोळ्याशी तपकिरी डाग धरतो, खालच्या शेंगांतले दाणे कोंब काढतात. मग शेतकरी घाईने मळणी करतो. ओला दाणा यंत्रात चेपतो. उलट माल कडक वाळला असेल आणि यंत्राचा वेग सोयाबीनचाच ठेवला असेल तर दाणा दुभंगतो आणि अर्ध्या मालाची डाळ होते. असा डागी, फुटीचा माल यार्डात आला की खरेदीदार मूठ भरून घेतो, तळहातावर पसरतो आणि काही न बोलता पुढच्या ढिगाकडे जातो. त्या न बोलण्याची किंमत क्विंटलमागे बरीच असते.

मी या घरात आले तेव्हा बी.कॉम. झालेले होते, म्हणून वह्या माझ्याकडे आल्या. अडतीच्या धंद्यात उलाढाल डोळे दिपवणारी आणि पदरात पडणारं अगदी बेताचं. त्यात शेतकऱ्याचे पैसे लगेच द्यायचे आणि खरेदीदाराची उधारी महिना-महिना सांभाळायची. मी अण्णांना म्हटलं, थोडा माल आपण आपल्या नावाने साफ करून पॅक करू. अण्णांचा विरोध पैशाला नव्हता. "आपण अडते," ते म्हणाले. "आज शेतकऱ्याच्या बाजूने बोली वाढवतो. उद्या तूच गिऱ्हाईक झालीस तर तो आपल्याला काय म्हणेल?" मुद्दा बिनतोड होता. म्हणून पॅकिंगची फर्म वेगळी काढली, हिशेब वेगळे ठेवले, आणि लिलावात आमची बोली दुसऱ्या अडत्याच्या ढिगावरच लावायची हा नियम पहिल्या दिवसापासून घातला. आता बराच माल थेट रानातून घेतो, तिथे हा प्रश्न येत नाही.

धंद्याची दिशा ठरली ती मात्र एका कॅन्टीनवाल्याच्या तक्रारीने. तक्रार आमच्या मालाची नव्हती. तो आधीच्या ठिकाणी पोळला होता. "ताई, राजमा दिसायला देखणा, पण रात्रभर भिजवून शिट्ट्या मोजता मोजता गॅस संपला," असं त्याचं म्हणणं. गणंग दाणे आपल्याकडे कुणाला नवे नाहीत, उसळीत एखादा दाताखाली येतोच. पण अख्खं पोतं गणंग निघतं त्यामागे कारण असतं. एक प्रकार असा की दाण्याचं साल पाणीच आत घेत नाही. भिजवल्यावर असे दाणे न फुगता तसेच राहतात, ओळखू येतात. दुसरा प्रकार फसवा. दाणा पाणी पितो, फुगतो, पण मऊ होत नाही. माल उष्ण आणि दमट गोदामात महिनोन्महिने पडून राहिला की दाण्याच्या पेशी एकमेकींना धरून ठेवणारा भाग असा घट्ट होतो की उकळूनही सुटत नाही. मुंबईच्या हवेत एक पावसाळा काढलेला राजमा घ्या आणि करून बघा. सोडा टाकला तर फरक पडतो, चव जाते.

आणि जुना माल डोळ्यांना ओळखू येतो का? थोडाफार. फिक्या रंगाचा दाणा वर्षभरात काळवंडतो. पण त्यावर तेलाचा हात फिरवला की चकाकी येते आणि नवशिका फसतो. पाकिटावर कायद्याने वजन, किंमत, पॅकिंगचा महिना हे सगळं छापावं लागतं. यात गंमत अशी की पॅकिंगचा महिना म्हणजे माल पिशवीत भरल्याचा महिना. दोन वर्षांपूर्वी निघालेला राजमा आज भरला तर पाकिटावर आजचाच महिना येतो, आणि तो छापणारा कायदा मोडत नाही. आम्ही त्या महिन्याशेजारी दुसरी ओळ छापायला घेतली: खरीप, अमुक साल. एवढंच. बाजारात आमची जी काही ओळख आहे ती या एका ओळीची.

ही ओळ छापायची तर माल घेतानाच खात्री हवी. आमच्याकडे प्रत्येक लॉट आधी शिजतो. पोत्याच्या तोंडाचा, मधला आणि तळाचा असा नमुना काढायचा, त्यातले १०० ग्रॅम रात्री भिजवायचे, सकाळी न फुगलेले दाणे मोजायचे, मग ठरलेल्या पाण्यात, ठरलेल्या शिट्ट्यांवर शिजवून एक-एक दाणा अंगठा आणि बोटात दाबायचा. आतून पिठूळ लागला तर पास. साल अखंड आणि आत टणक गाठ लागली तर लॉट परत. हे काम गोदामातल्या दोघी मावशी करतात आणि त्यांच्या निकालावर माझंही काही चालत नाही. शेतकरी आधी हसायचे. आता काही जण येतानाच सांगतात, "घरी शिजवून बघितलाय, वहिनी."

जाता जाता एक सांगते, कारण पाकिटावर आम्ही ते ठळक छापतो: राजमा अर्धा कच्चा खाऊ नका. कच्च्या दाण्यात असं एक द्रव्य असतं की त्याने उलट्या-जुलाब होतात. भिजवलेलं पाणी ओतून टाकायचं आणि ताज्या पाण्यात खळखळून उकळी येऊ द्यायची, नुसतं मंद आचेवर कोमट ठेवायचं नाही. प्रेशर कुकर वापरणाऱ्या घरात हा धोका राहत नाही.

यंत्रं हळूहळू आली. आधी चाळणी-पंख्याचं ग्रेडर, मग खडा काढणारं डिस्टोनर, मग बँकेचं कर्ज काढून कलर सॉर्टर. या शेवटच्याने आम्हाला चांगलंच पळवलं. त्यात कॅमेरा पडणारा प्रत्येक दाणा बघतो आणि डागी दिसला की हवेच्या झोताने बाजूला उडवतो. आमचा वाघ्या घेवडा फिक्या अंगावर लालसर पट्ट्यांचा. यंत्राला ते पट्टे म्हणजे डाग. पहिला लॉट सोडला तर उत्तम माल नाकारलेल्याच्या पिंपात आणि पट्टे नसलेला पोचट माल पासच्या पोत्यात. कंपनीचा माणूस येऊन आकडे बदलत बसला. शेवटी उपाय निघाला तो आमच्या निवडणाऱ्या बायकांमुळे. पावसाचा डाग तपकिरी असतो आणि डोळ्याजवळून पसरतो, पट्टा लाल असतो आणि दाण्याच्या लांबीने जातो, हे त्यांनी ढीग पाडून दाखवलं. त्या दोन ढिगांवरून यंत्राची रंगमर्यादा बसवली. आजही शेवटची निवड हातानेच होते, आणि ती थांबवायचा विचार नाही.

२०१६ साली वाघ्या घेवड्याला भौगोलिक मानांकन मिळालं. योगायोगाने तेच संयुक्त राष्ट्रांचं कडधान्य वर्ष. तालुक्यात सत्कार झाले, पेपरात फोटो आले. त्याच नोव्हेंबरात नोटाबंदी झाली आणि रोखीवर चालणारं यार्ड थंडावलं. सुदैवाने आमच्या घेवड्याचा मोठा हंगाम तोवर आटोपला होता. २०२० च्या टाळेबंदीत उलटं झालं: हॉटेलं बंद, पोत्यांची मागणी शून्य, आणि पुण्या-मुंबईच्या सोसायट्या किलो-किलोची पाकिटं एकत्र मागवू लागल्या. पॅकिंगची फर्म खरी उभी राहिली ती तेव्हा.

सरकारी अधिसूचना हा आमचा दुसरा मोसमी पाऊस. २ जुलै २०२१ ला मूग सोडून सगळ्या कडधान्यांवर साठामर्यादा आली, घाऊक व्यापाऱ्याला २०० टन. आमचं गोदाम त्या आकड्याच्या जवळपासही जात नाही, पण मोठे खरेदीदार थबकले आणि दिल्लीचे फोन बंद झाले. १९ जुलैला दुरुस्ती आली, मर्यादा तूर, उडीद, हरभरा, मसूर एवढ्यांवरच राहिली आणि राजमा सुटला. पुढच्या वर्षी १८ जुलैपासून २५ किलोपर्यंतच्या छापील पाकिटावर ५ टक्के जीएसटी लागला. त्यावरच्या पोत्याला तो नाही. बाजाराने लगेच २६ आणि ३० किलोच्या बॅगा काढल्या. आमच्यासारख्याला तो रस्ता नव्हता, कारण आमचं गिऱ्हाईक अर्धा किलो नेणारं. म्हणजे ज्याने साल छापून, डाग काढून माल द्यायचा त्याच्यावर कर, आणि उघड्या पोत्यातून फावड्याने काढून देणाऱ्यावर नाही. मला हे पटलेलं नाही, पण भरते. डिसेंबर २०२३ मध्ये पिवळा वाटाणा आयातशुल्कातून सुटला. वाटाण्याचा आणि घेवड्याचा थेट संबंध नाही, पण व्यापाऱ्याचं भांडवल एकच असतं. ते तिकडे गुंतलं की इकडची बोली ढिली पडते.

आता मला काळजी आहे ती पेऱ्याची. सोयाबीन आल्यापासून वाघ्या मागे पडत चालला आहे. सोयाबीनला हमीभाव आहे, ते काढायला-मळायला सोपं आहे, शेतकऱ्याला दोष कसा देणार? जे घेवडा लावतात त्यातलेही बरेच राहुरी विद्यापीठाच्या वरुण वाणाकडे वळले. तो ६५ ते ७० दिवसांत निघतो, परतीच्या पावसाआधी हाती लागतो आणि दिल्लीला रंगाने पसंत पडतो. आम्ही दोन्ही घेतो, पण वेगवेगळ्या पिशव्यांत, वेगवेगळ्या नावांनी. वाघ्यासाठी काही शेतकऱ्यांना दरवर्षी निवडलेलं बी देतो आणि मळणीच्या वेळी आमचा माणूस यंत्राचा वेग बघायला रानात जातो. भाव आधी बांधून देत नाही. त्या दिवशीच्या यार्डाच्या भावावर डाग, फूट आणि शिजण्याच्या निकालाप्रमाणे वाढ देतो, आणि पैसे काट्यावरून उठायच्या आत.

मानांकनाचा शिक्का पाकिटावर लावायचा तर अधिकृत वापरकर्ता म्हणून चेन्नईच्या नोंदणी कार्यालयात वेगळी नोंद करावी लागते, शेतकऱ्याने आणि आमच्यासारख्या पॅक करणाऱ्यानेही. आम्ही घेवडा देणाऱ्या शेतकऱ्यांचे सातबारे आणि अर्ज गोळा करतो आहोत. पुण्यातलं गिऱ्हाईक या शिक्क्यासाठी जास्त मोजायला तयार आहे. नया बाजार एक रुपयाही जास्त देत नाही, तिथे आमचा वाघ्या अजून चित्र्याच्या भावाने उघडतो. म्हणून या हंगामातही निम्म्याहून जास्त माल ५० किलोच्या पोत्यांतून दिल्लीलाच जाईल, आणि पाकिटांसाठी शिजून पास झालेला तेवढाच माल गोदामात राहील.